नाताळच्या नाटकांतील मुलांचीं वस्त्रें कोणीं पुरवावीं?

(शास्त्रपाठ: लूक 2:1-24, निर्गम 35:20-29, याकोब 2:1-4)



भात खळ्यावर येऊन पडलें, पहांटेचा गारठा वाढला, आणि शाळांतून व शब्बाथशाळांतून ख्रिस्तजन्माच्या नाटकाची तयारी सुरू झाली, कीं दर वर्षीं एक प्रश्न पाळकांकडे व उपदेशकांकडे हटकून येतो. कळंबाच्या बाजूनें, म्हणजे कर्जत तालुक्याच्या ज्या भागांत नेरळची आगगाडी मागें राहते व पुढें ठाकरांच्या आणि कातकऱ्यांच्या वाड्या लागतात त्या भागांतून, एका शिक्षकबंधूनें तो आम्हांस असा विचारिला: "देवदूताचा झगा, त्याचे पंख, मागी लोकांचे मुकुट, मरीयेचा निळा पदर, हें सर्व मुलांच्या आईबापांनीं आणावयाचें, शाळेनें द्यावयाचें, कीं मंडळीनें? दर वर्षीं यावरून कोणाचें तरी मन दुखावतें व नाताळच्या आनंदावर विरजण पडतें."

प्रश्न ऐकून कोणी हंसेल. पाप, तारण, विश्वास या थोर विषयांपुढें चार हात कापडाची गोष्ट ती काय! परंतु आम्ही तिला क्षुल्लक समजत नाहीं. ज्या लेकराचें नांव केवळ कापडाच्या अभावीं नाटकांतून गळतें, त्याला त्या वर्षीं शुभवर्तमानाचा अर्थ तेवढ्यावरूनच कळतो. आणि तो अर्थ आपण व्यासपीठावरून सांगतों त्याच्या अगदीं उलट असतो.

आतां शास्त्राकडे वळूं. लूक फार मोजकें लिहितो. बाळाचा जन्म कोणत्या महिन्यांत झाला, त्या रात्रीं थंडी होती कीं नाहीं, ज्या ठिकाणीं जागा मिळाली नाहीं त्याचा धनी कोण, यांपैकीं एकही गोष्ट तो सांगत नाहीं. पण बाळाच्या अंगावर काय होतें हें तो दोनदां सांगतो: एकदां सातव्या ओवींत, आणि पुन्हां बाराव्या ओवींत, जेथें देवदूत मेंढपाळांस खूण देतो. ती खूण मुकुटाची नव्हे, तेजोवलयाची नव्हे. बाळंत्यांत गुंडाळलेलें आणि गव्हाणींत निजविलेलें मूल, हीच ती खूण. ज्या वस्त्रावरून तारणाऱ्याची ओळख पटावयाची, तें वस्त्र प्रत्येक गरिबाच्या घरीं सांपडतें तेंच होतें. हीं बाळंतीं कोठून आलीं? आईनें तीं गुंडाळिलीं, एवढेंच लूक म्हणतो. नांवनिशी लिहविण्यासाठीं नासरेथाहून बेथलेहेमास निघालेल्या त्या जोडप्यानें तीं गांठोड्यांत बांधून आणिलीं असावीं असें आम्हांस वाटतें. पहिलटकरीण घर सोडतांना बरोबर काय घेते हें आमच्या भगिनी आम्हांपेक्षां चांगलें जाणतात.

त्याच अध्यायाच्या चोविसाव्या ओवीवरून मात्र वाचणाऱ्याची दृष्टि सहसा घसरून जाते. शुद्धीकरणाचे दिवस भरल्यावर मरीया व योसेफ मंदिरांत गेलीं, तेव्हां त्यांनीं अर्पणासाठीं नेमलेली पांखरांची जोडी नेली. पांखरेंच कां? लेवीयाचा बारावा अध्याय काढून पाहा. नियमांत कोंकरूं सांगितलें आहे; परंतु कोंकराची ऐपत नसेल तिनें दोन होले किंवा पारव्याचीं दोन पिलें आणावीं, अशी सवलत त्याच नियमाच्या शेवटीं लिहिली आहे. म्हणजे आमच्या प्रभूची आई त्या सवलतीच्या ओळींतून मंदिरांत शिरली. गरिबासाठीं देवानें निराळें दार केलें नाहीं, दारांत उभें करून दारिद्र्याचा दाखला मागितला नाहीं, आणि पांखरें आणणारीचें शुद्धीकरण कोंकरूं आणणारीच्यापेक्षां रतीभर उणें झालें असेंही कोठें म्हटलें नाहीं.

वस्त्रें आईबापांनींच द्यावीं असें म्हणणारे हन्नेचें उदाहरण पुढें करितात (1 शमुवेल 2:19). हन्ना दर वर्षीं शमुवेलासाठीं लहानसा झगा करून नेई. खरोखर त्या एका ओवींत आईचें सारें काळीज आहे. मूल वर्षभर दृष्टीआड, आणि ती घरीं बसून अंदाजानें माप धरिते, या वर्षीं खांदा एवढा भरला असेल, उंची एवढी झाली असेल म्हणून. हें उदाहरण आम्हांस फार प्रिय आहे. परंतु तें येथें लागू पडतें काय? मागच्या अध्यायाची चोविसावी ओवी वाचा. मुलाला शिलो येथें पोंचवितांना त्या घरानें गोऱ्हा नेला, पीठ नेलें, द्राक्षारसाचा बुधला नेला. तें खातेंपितें घर होतें. शिवाय एली याजकानें हन्नेकडे चिठ्ठी धाडिली नव्हती कीं, अमक्या दिवशीं रुपेरी पट्ट्याचा झगा घेऊन या, नाहींतर शमुवेलाच्या जागीं दुसरा मुलगा उभा करूं. आणि झग्याच्या ओवीआधींची अठरावी ओवी तर या पक्षाचे लोक वाचीतच नाहींत. सेवा करितांना शमुवेलाच्या अंगावर तागाचें एफोद होतें, असें तेथें लिहिलें आहे. आईचा झगा निराळा, सेवेचें वस्त्र निराळें. आईचा झगा प्रीतीचा. त्याची कोणीं मागणी केली नव्हती.

सेवेचीं वस्त्रें कशीं होत असत तें निर्गमाच्या अठ्ठाविसाव्या, पस्तिसाव्या व छत्तिसाव्या अध्यायांत आहे. अहरोन व त्याचे मुलगे यांचीं वस्त्रें अहरोनाच्या बायकोनें घरखर्चांतून शिवलीं नाहींत. ज्यांच्या मनास स्फूर्ति झाली त्या सर्वांनीं आणिलें: कोणीं सोनें, कोणीं निळें सूत, कोणीं बकऱ्याचे केंस, ज्या बायांच्या हातीं कसब होतें त्यांनीं सूत कांतलें. बसालेल व त्याचे सोबती यांनीं तें मोशेकडून घेऊन काम केलें. त्यांना स्वतःची गांठ सोडावी लागली नाहीं. शेवटीं एवढें जमलें कीं मोशेला छावणींत दवंडी पिटून लोकांस थांबवावें लागलें. आमच्या मंडळ्यांच्या वर्गणीच्या सभेंत अशी दवंडी पिटल्याचें आम्हीं अजून ऐकिलें नाहीं! पण तत्त्व सरळ आहे. जो सर्वांच्या वतीनें देवापुढें व लोकांपुढें उभा राहतो, त्याचें वस्त्र सर्वांनीं द्यावें. नाटकांत उभें राहणारें मूल स्वतःसाठीं उभें राहत नाहीं. तें आमची सर्वांची गोष्ट आम्हां सर्वांस सांगतें.

(लग्नाच्या वस्त्राचा दृष्टांत, मत्तय 22, या वादांत ओढूं नये अशी आमची सूचना आहे. यजमानच पाहुण्यांस वस्त्रें देई असें कांहीं टीकाकार सांगतात, व तसें असेल तर तें आमच्याच पक्षास अनुकूल आहे. परंतु दृष्टांतांत तें लिहिलेलें नाहीं, आणि जें लिहिलेलें नाहीं त्यावर घर बांधूं नये.)

आतां कळंबाकडील घरें डोळ्यांपुढें आणा. ठाकराचें घर असेल, तर या दिवसांत भात झोडून झालेलें असतें. पण कणगी भरण्याआधीं त्यांतून उधारी वजा होते. कातकऱ्याचें तर पुष्कळदां दारच बंद असतें. दिवाळी झाली कीं कितीएक कातकरी कुटुंबें वीटभट्ट्यांवर व कोळशाच्या भट्ट्यांवर निघून जातात. पावसाळ्यांत चूल विझूं नये म्हणून मालकाकडून उचल घेतलेली असते, आणि ती फेडावयास नवराबायको पुढचा पाऊस जवळ येईपर्यंत तेथें विटा थापीत राहतात. मुलें बरोबर जातात. नाहींतर आजीपाशीं, आश्रमशाळेंत किंवा एखाद्या वसतिगृहांत राहतात. अशा मुलाच्या हातीं शिक्षकानें नाटकाच्या वस्त्रांची यादी दिली, तर ती त्यानें कोणाला वाचून दाखवावी? आमच्या नाताळची तारीख त्यांच्या वर्षांत नेमकी अशा वेळीं येते कीं घरीं माणूस नाहीं आणि हातीं पैसा नाहीं.

अशी एक मुलगी आमच्या पाहण्यांत आहे. पाठांतर चोख, आवाज गोड. देवदूताचा निरोप तिच्या वांट्यास आला होता. झगा व पंख शहरांतील दुकानांतून भाड्यानें आणावयाचे ठरलें आणि ज्याच्या त्याच्या घरून पैसे मागविण्यांत आले. हिची आई भट्टीवर. ती मुकादमाकडून आणखी थोडी उचल घेऊन पैसे द्यावयास तयार झाली. उचल घेणें म्हणजे काय हें या पत्राच्या वाचकांस सांगावयास नको. पुढच्या हंगामाचे दिवस आजच गहाण टाकणें तें. मुलीच्या कानीं ती गोष्ट गेली, आणि दुसऱ्या दिवसापासून ती तालमीस येईनाशी झाली. विचारिलें तेव्हां म्हणाली, "मला निरोप येत नाहीं." तिला तो पुरता येत होता. आठ वर्षांच्या लेकरानें आईला कर्जांतून वांचविण्यासाठीं खोटें बोलावें, आणि तेंही मोठ्या आनंदाची वार्ता सांगण्याच्या नाटकापायीं! नाटक ठरल्या दिवशीं झालें. दुसरी मुलगी भाड्याचा झगा घालून उभी राहिली. तिला निरोप अर्धाच आला. टाळ्या पडल्या, आणि प्रत्येक जण चांगलें झालें म्हणाला.

येथें कोणीं दुष्टपणा केला असें आम्ही म्हणत नाहीं. शिक्षक सज्जन होते, दुकानदारानें भाडें वाजवी घेतलें, ज्या घरीं पैसे होते त्यांनीं ते आनंदानें दिले. परंतु याकोबानें आपल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायांत जें लिहिलें तें हेंच नव्हे काय? सभेंत सोन्याची आंगठी घातलेला आला कीं त्याला चांगली जागा, आणि मळक्या वस्त्रांचा आला कीं त्याला पायांपाशीं बैस म्हणणें. जेथें वस्त्र घरून आणावयाचें असतें तेथें पात्रांची निवड हळूहळू कापडावरून होऊं लागते. देवदूत व मागी लोक पाटलाच्या आणि नोकरदाराच्या घरचे, मेंढपाळ शेतकऱ्याचे, आणि ज्याला कांहींच आणतां येत नाहीं तो मेंढरूं होऊन गुडघ्यांवर रांगतो, किंवा पडदा ओढावयास बसतो. करिंथच्या मंडळींत प्रभुभोजनाच्या वेळीं एकाचें पोट भरलेलें व दुसरा उपाशी असा प्रकार होऊं लागला, तेव्हां पौलानें तेथील लोकांस खडसावून विचारिलें कीं, ज्यांच्यापाशीं कांहीं नाहीं त्यांस तुम्ही लाजवितां काय (1 करिंथ 11:22). आणि एका मुलाच्या अंगावर इतरांहून भारी झगा आला म्हणजे भावाभावांत काय होतें, हें याकोबाच्या घरीं योसेफाच्या पायघोळ झग्यानें दाखवून दिलेंच आहे. तेथें चूक मुलाची नव्हती, बापाची होती.

आमच्यांतील वडीलधारी मंडळी यावर एक आक्षेप घेईल, व तो विचार करण्याजोगा आहे. तिचें म्हणणें असें: "फुकट देण्यानेंच आपली मंडळी पांगळी झाली. पूर्वीं नाताळच्या सुमारास परदेशांतून मिशनच्या ठाण्यांवर पेट्या येत. त्यांत कपडे, बाहुल्या, रंगीत चित्रें असत. आणि मड्डमसाहेब तीं वांटीत. त्यायोगें 'साहेब देतील' हें वाक्य आमच्या तोंडीं बसलें. आतां पुन्हां 'मंडळी देईल' असें शिकवावयाचें काय? ज्याचें लेंकरूं त्यानेंच द्यावें. चार रुपये गेले म्हणजे किंमत कळते."

यांत तथ्य आहे. अमेरिकन बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन 1854-55 च्या सुमारास हिंदुस्थानांत आले होते, तेव्हांपासून स्वावलंबनाचा विषय मराठी मंडळ्यांपुढें आहे. गांवच्या मंडळीला आपल्यांतलाच पाळक असावा, तिनें त्याला पोसावें, आणि आपला कारभार आपणच चालवावा, असा त्यांचा आग्रह होता. 1970 सालीं नागपूर येथें चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या नांवानें अनेक मंडळ्या एक झाल्या. त्या पेट्यांचा काळही मागें पडला. तें बरेंच झालें. परंतु अँडरसनसाहेबांनीं स्वावलंबन सांगितलें तें मंडळीला. आठ वर्षांच्या मुलीला त्यांनीं तें सांगितलें नव्हतें, भट्टीवरच्या विधवेलाही नव्हे. परदेशच्या पेटीची वाट पाहणें हें परावलंबन. आपल्याच गांवच्या दहा घरांनीं मिळून एक पेटी भरणें हें स्वावलंबन. हा भेद न ओळखल्यामुळें स्वावलंबनाच्या नांवाखालीं आम्ही कधीं कधीं निव्वळ कठोरपणा करितों.

गलतीकरांस पत्र, अध्याय 6. तेथें दुसऱ्या ओवींत पौल एकमेकांचीं ओझीं वाहा म्हणतो, आणि पांचव्या ओवींत प्रत्येकानें आपलेंच वाहावें म्हणतो. हें परस्परविरुद्ध नाहीं काय, असें पुष्कळ शब्बाथशाळा-शिक्षक विचारितात. मूळ ग्रीकांत दोन निराळे शब्द आहेत. एकाचा अर्थ पाठ मोडणारा भार. दुसऱ्याचा, प्रत्येकाच्या वांट्याचें आपलें ओझें, जसें वाटसरूचें गांठोडें. आतां नाटकाकडे पाहा. निरोप पाठ करणें, तालमीस वेळेवर येणें, हातपाय धुऊन केंस विंचरून उभें राहणें, घरीं असलेली घोंगडी वा काठी आणणें, हें मुलाचें व घराचें गांठोडें आहे. तें त्यांनींच वाहावें. भाड्याचा झगा, विकतचे पंख, जरीचा मुकुट, हा भार आहे, आणि ज्यानें नाटक योजिलें त्यानें तो उचलावा. शाळेनें योजिलें असेल तर शाळेनें, मंडळीनें योजिलें असेल तर मंडळीनें. दोघांनीं मिळून योजिलें असेल तर खर्च किती आणि कोणाचा हें पात्रें नेमण्याआधीं ठरवावें, पात्रें नेमल्यावर नव्हे. ज्या आईबापांस आपल्या मुलासाठीं स्वतः शिवावयाचें आहे त्यांनीं अवश्य शिवावें. पण तें शिवलेलें वस्त्र पेटींतल्या वस्त्रांहून झगझगीत नसावें, एवढी विनंती त्यांस करावी. आणि जमल्यास नाटकानंतर तें पेटीलाच द्यावें.

तिसऱ्या एका माणसाविषयीं कोणी बोलत नाहीं, म्हणून आम्ही बोलतों. तो शिक्षक किंवा शिक्षिका. "पाहूं कसें जमतें तें," असें सभेंत ठरतें, याचा अर्थ पुष्कळदां असा होतो कीं बाईंनीं आपल्या तुटपुंज्या पगारांतून कापड, बेगड, खळ व सुईदोरा आणावयाचा, रात्रीं दिव्याशीं बसून शिवावयाचें, आणि मग पंचांपैकीं कोणीतरी उठून त्यांच्या त्यागाची स्तुति करावयाची. मंदिरांतील विधवेच्या दोन टोल्या प्रभूनें पाहिल्या व नांवाजिल्या. परंतु त्या तिच्याकडून मागून घ्या असें त्यानें शिष्यांस सांगितलें नाहीं. उलट त्याच्या दोनच ओव्या आधीं विधवांचीं घरें गिळणाऱ्यांविषयीं तो काय म्हणतो तें वाचावें (मार्क 12:40).

शाळांविषयीं आणखी दोन गोष्टी. 2009 सालचा मुलांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा 1 एप्रिल 2010 पासून अमलांत आला. 6 ते 14 वर्षांच्या मुलाचें प्राथमिक शिक्षण ज्यानें अडेल अशी कोणतीही फी किंवा खर्च त्यावर लादूं नये, हें त्याच्या तिसऱ्या कलमाचें धोरण आहे. 2014 सालच्या निकालांत सर्वोच्च न्यायालयानें अल्पसंख्याकांच्या शाळा या कायद्याच्या बाहेर ठेविल्या, आणि 2025 सालीं त्याच न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनीं त्या निकालाचा पुन्हां विचार व्हावा असें म्हटलें. वकिलांचें काम वकील करतील. आम्ही एवढेंच विचारितों कीं, सरकारी शाळेंत ज्या मुलाला खर्चासाठीं अडवितां येत नाहीं, त्याला ख्रिस्ताच्या नांवाच्या शाळेंत पंखांच्या भाड्यासाठीं अडवावें, हें आपणांस शोभतें काय? येथें कायद्यांतून मिळालेली सूट पुढें करणें आम्हांस लाजिरवाणें वाटतें.

दुसरी गोष्ट, इतर धर्मांच्या मुलांची. आमच्या शाळांतून तीं पुष्कळ असतात व नाटकांत हौसेनें येतात. घटनेच्या अठ्ठाविसाव्या कलमाप्रमाणें सरकारमान्य किंवा सरकारी मदत घेणाऱ्या शाळेंत कोणालाही त्याच्या, आणि तो अज्ञान असल्यास पालकाच्या, संमतीवांचून धर्मशिक्षणांत किंवा उपासनेंत भाग घ्यावयास लावितां येत नाहीं. तेव्हां नाटकापूर्वीं पालकास मोकळेपणानें विचारावें, आणि त्यानें नको म्हटलें तर मुलाला त्याची झळ लागूं देऊं नये. ज्यानें संमति दिली त्याच्याकडे वस्त्राचे पैसे मागणें तर अगदींच अनुचित. उलट बाजूनें दुसरा दोष टाळावा. दुष्काळांतल्या दिवसांपासून आम्हांवर आळ आहे कीं हे लोक अन्नवस्त्र दाखवून माणसें ओढितात. म्हणून नाटकाचें वस्त्र हें दान नव्हे, तें मंडळीचें किंवा शाळेचें आहे, नाटकापुरतें अंगावर येतें व नंतर पेटींत परत जातें, हें सर्वांस ठाऊक असावें. ख्रिस्ती घरच्या मुलाला जो नियम, तोच ठाकराच्या, मराठ्याच्या व मुसलमानाच्या मुलाला.

आतां खर्च मुळांत कशाचा होतो तें पाहूं. कारण आमच्या मतें अर्धा तंटा येथेंच मिटतो. मागी लोक राजे होते असें मत्तय म्हणत नाहीं. ते तीन होते असेंही म्हणत नाहीं. दानें तीन, म्हणून माणसें तीन, आणि दानांत सोनें, म्हणून डोक्यावर मुकुट, हें मागाहूनच्या लोकांनीं जोडिलें. मग मुकुट कशास हवे? दूरच्या विद्वान प्रवाशाला एक बरें मुंडासें व खांद्यावर उपरणें पुरे. मेंढपाळांस दिसलेल्या देवदूताच्या पंखांचा लूक उल्लेख करीत नाहीं. प्रभूचें तेज त्यांच्याभोंवतीं प्रकाशलें एवढें म्हणतो. तेज दुकानांत भाड्यानें मिळत नाहीं. धुतलेल्या पांढऱ्या धोतराचा झगा आणि मागें कंदील धरिला कीं काम होतें. सोनेरी केंसांचे टोप तर कोणीं काढिले तें देव जाणे! बेथलेहेमच्या लेंकरांचे केंस आमच्या लेंकरांसारखेच काळे असावेत. हीं सर्व सोंगें परदेशच्या नाताळ-चित्रांतून आलीं, आणि त्या चित्रांचा खर्च आम्ही भट्टीवरच्या आईकडून वसूल करितों.

इटलींतील ग्रेच्चो गांवीं 1223 सालीं असिसीच्या फ्रान्सिसानें नाताळच्या रात्रीं जो देखावा केला, त्यापासून या प्रथेस मोठा जोर आला असें मानितात. त्यानें काय मांडिलें? एक गव्हाण, गवत, एक बैल आणि एक गाढव. पोषाखांची बात नव्हती. तो स्वतः श्रीमंत कापडव्यापाऱ्याचा मुलगा असून बापाचीं वस्त्रें अंगावरून उतरवून परत देऊन निघाला होता, हेंही येथें आठवावें. गव्हाण, दावें आणि पेंढा हीं तर कळंबाकडे त्या दिवसांत दारोदार असतात. मेंढपाळास घोंगडी व काठी लागते. ती शेजाऱ्याकडून मागून आणतां येते. मरीयेला आईचें जुनें लुगडें. तारा कामट्या व कागद यांचा, दिवाळींत आकाशकंदील करितों तसा. आमच्या मुलांनीं केलेला तारा वांकडा होतो हें खरें. पण पूर्वेकडील लोक त्याच्यामागून चालतात.

उरतात तीं थोडीं वस्त्रें, आणि त्यांसाठीं एक पेटी. यापो येथील तबीथा, जिला दुर्कस म्हणत, ती मेल्यावर विधवा तिनें केलेले अंगरखे व वस्त्रें पेत्राला रडत रडत दाखवूं लागल्या (प्रेषितांचीं कृत्यें 9:39). त्या मंडळींत वस्त्रें होतीं तीं कोणा एकीच्या नियमित कामामुळें. तसें माणूस नेमावें. नाहींतर सर्वांचें काम कोणाचेंच नसतें, आणि पेटी उंदीर सांभाळतात. कर्जत भागाला ही कल्पना नवी नाहीं. माथेरानचे भाई कोतवाल, ज्यांनीं 2 जानेवारी 1943 रोजीं सिद्धगडावर प्राण दिला, त्यांनीं शेतकऱ्यांस अडचणीच्या दिवसांत सावकाराचें दार ठोठवावें लागूं नये म्हणून धान्याची कोठी काढिली होती. ती ख्रिस्ती मंडळीची नव्हती. पण तींत जो विचार होता तो आम्ही घ्यावा. पेरणीच्या वेळीं जसें कोठींतून धान्य, तसें नाताळीं पेटींतून वस्त्र, हंगामानंतर परत.

पेटी केव्हां भरावी? येथें आम्ही आमच्या शिक्षकबंधूस आग्रहानें सांगतों कीं मार्गशीर्षांत नव्हे. तेव्हां फार उशीर झालेला असतो. भाताची लावणी संपून श्रावणसरी येतात, त्या दिवसांत ठाकर घरीं असतो आणि कातकरीही घरीं असतो. त्या दिवसांत वस्त्रांची सभा घ्यावी. ज्याच्याकडे जुनें धोतर आहे त्यानें तें द्यावें, ज्याच्याकडे पैसा आहे त्यानें कापडाचा तागा द्यावा, आणि ज्या बाईकडे दोन्ही नाहींत तिनें चार टांके घालावे. भट्टीवर जाणाऱ्या आईला हीच एक वेळ आहे. ती नाताळीं हजर नसेल. पण देवदूताच्या झग्याची शिवण तिच्या हातची असेल, आणि तो झगा कोणाच्याही मुलीच्या अंगावर गेला तरी तिची मुलगी तो ओळखील.

भट्टीचा विषय निघालाच आहे, तर आणखी एक. ज्या रात्रीं देवदूत आला त्या रात्रीं मेंढपाळ कामावर होते, आणि तो त्यांच्याकडे कामाच्या जागीं गेला. आमचें नाटक देवळांत किंवा शाळेंत होतें. आईबाप दोन कोसांवर विटा भाजीत असतात. मालकाची परवानगी घेऊन, काम थांबल्यावर, मुलांस तेथें नेऊन तेंच नाटक एकदां करावें. सगळीं वस्त्रें एका गांठोड्यांत मावतील इतकीं थोडीं असलीं तर हें सहज साधतें. भाड्याचे पंख असले तर दुकानदार तारीख वाढवून देत नाहीं.

झग्याची खालची कड पांच बोटें आंत दुमडावी, म्हणजे उंच मुलासाठीं ती उसवतां येते. गळ्याशीं गुंड्या नकोत, नाडी असावी. सहा वर्षांच्या मुलाला व बारा वर्षांच्यालाही तोच झगा होतो. दुसऱ्या दिवशीं सर्व वस्त्रें धुऊन, कडक उन्हांत वाळवून, मध्यें कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून पेटींत ठेवावीं. एका वहींत वस्त्र कोणतें, आणि या वर्षीं तें कोणाच्या अंगावर होतें, हें लिहावें. देणाऱ्याचें नांव त्या वहींत नसावें. पात्रें निवडतांना ती वही शिक्षकाच्या हातीं नसावी, पाठांतराची असावी. ज्या मंडळ्यांत अशी पेटी आधींच आहे त्यांनीं आपल्या वस्त्रांचीं मापें व कापड किती लागलें तें आम्हांस कळवावें, म्हणजे कळंबाच्या बंधूंस तीं पावसाळ्यापूर्वीं पोंचवितां येतील.